पुलापाशी ऐंशी लिटर

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओततो, मेणावर दात बसवतो, आणि आठ दिवसांनी कुणाचे तरी आजोबा पुन्हा मोकळेपणी हसतात. उरलेल्या प्लास्टरचं मी काय करतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मी रणगाडे करतो. अंगठ्याच्या पेराएवढे. तोफेच्या नळीसाठी दातांच्या कामातलीच बारीक तार वापरतो.

हे रणगाडे दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर लढतात. वाचनाची दोन लांब टेबलं टोकाला टोक लावून जोडायची, खाली रद्दीचे गठ्ठे सारायचे, वर हिरवं कापड टाकायचं, की झाल्या टेकड्या. नदी निळ्या रेक्झिनची. तीन बोटं रुंदी म्हणजे एक किलोमीटर, एक डाव म्हणजे अर्धा तास. कोण किती सरकणार, कुणाचा गोळा कुणाला लागणार, हे नियमांच्या वहीवरून आणि फाशांवरून ठरतं. वही मास्तरांनी लिहिलेली. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे इतिहासाचे मास्तर. आता सत्तरी ओलांडली आहे, पण मला 'कवळ्या' म्हणूनच हाक मारतात आणि अजूनही माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात.

आम्ही बऱ्याच लढाया खेळतो, पण मास्तरांची लढाई एकच. पुलाची.

पन्नासेक वर्षांपूर्वीच्या युद्धात अकरा रणगाड्यांची एक तुकडी पहाटे चारला निघाली आणि दुपारी दोनला नदीवरच्या पुलाशी पोचली. पलीकडे चौदा किलोमीटरवर एक चौफुली होती. ती हाती आली असती, तर शत्रूची रसद तुटली असती. त्या दुपारी पलीकडे जवळजवळ कुणीच नव्हतं, हे नंतर उघड झालं. पण तुकडीचा मेजर पुलापाशी थांबला. संध्याकाळपर्यंत समोरचा काठ तोफांनी भरून गेला आणि युद्ध आणखी आठ महिने चाललं. त्या आठ महिन्यांत मास्तरांचा थोरला भाऊ गेला. पायदळात होता, बावीस वर्षांचा.

तेव्हापासून मास्तरांचा एकच प्रश्न. तो मेजर थांबला नसता तर? त्यांनी या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली, दर वर्षी त्या तारखेला वाचनालयात भाषण दिलं, आणि हा खेळ तयार केला. सहा वेळा आम्ही तो खेळलो होतो. औषधाच्या दुकानाचे मालक मेजर व्हायचे, मी शत्रू, मास्तर पंच. औषधवाले दर वेळी न थांबता पूल ओलांडायचे आणि सहापैकी चार वेळा जिंकले होते. मास्तर आकडा वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "बघा."

सातव्या वेळी औषधवाल्यांची पाठ धरली. त्यांना उठता येईना. मी घरी बसून हळहळत होतो, तेव्हा आत्या म्हणाली, "मी येऊ का? नाहीतरी रविवारी तुम्ही तिथे काय दिवे लावता, ते एकदा बघायचंच आहे."

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आमच्याकडेच असते. बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं आखून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिला युद्धातलं काही कळत नव्हतं, तोफ कोणती आणि धुराडं कोणतं हेही तिने मला जिन्यात विचारून घेतलं. मास्तरांनी तिला मेजरच्या खुर्चीत बसवलं आणि नियम समजावले. लढाईचा इतिहास मुद्दामच सांगितला नाही. ज्याला काही माहीत नाही असा माणूस काय करतो, ते त्यांना बघायचं होतं.

आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "डिझेल कुठून येणार?"

"ते आपण धरत नाही, ताई," मास्तर म्हणाले. "खेळ सुटसुटीत राहावा म्हणून टाक्या भरलेल्याच आहेत असं मानायचं."

"कायमच्या?"

"कायमच्या."

आत्याने एक रणगाडा उचलून तळहातावर घेतला. "केवढं सुबक केलंय रे," ती मला म्हणाली. मग तो परत ठेवला. "मास्तर, राग मानू नका. ज्याला डिझेल लागत नाही तो रणगाडा नव्हे, सोंगटी. सोंगट्याच हलवायच्या तर मी घरी सारीपाट खेळते."

मला वाटलं, आता मास्तर चिडणार. वर्गात असं कुणी बोललं असतं तर बाकावर उभं राहावं लागलं असतं. पण मास्तर उठून कपाटाशी गेले. तळातून त्यांनी एक जाड फाइल काढली. त्या तुकडीच्या रोजनिशीची छायाप्रत. ती त्यांनी कुठल्याशा लष्करी ग्रंथालयातून, पत्रांवर पत्रं धाडून, दोन वर्षांनी मिळवली होती. वेळा, अंतरं, हानी, सगळं त्यांनी त्यातूनच घेतलं होतं.

"यात डिझेलचे रकाने आहेत," ते म्हणाले. मग थोड्या खालच्या आवाजात, "मी ते सोडून दिले होते. कंटाळवाणे वाटले."

"कंटाळवाणेच असतात," आत्या म्हणाली. "आणा इकडे."

सकाळचे दोन तास त्या दोघांनी रकाने वाचण्यात घालवले. मी नुसता बघत होतो. आत्याची बोटं त्या पुसट आकड्यांवरून अशी फिरत होती, जशी आई पोरांच्या डोक्यात उवा शोधते. टाकी चारशे लिटरची. रस्त्यावर किलोमीटरला चार लिटर, शेतातून सहा. जागेवर इंजिन चालू ठेवलं तर वेगळं. पुलापर्यंत चाळीस किलोमीटर रस्ता, बावीस किलोमीटर शेत. तिने कागदाच्या मागे हिशेब मांडला आणि मास्तरांपुढे सरकवला. पुलाशी पोचल्यावर प्रत्येक टाकीत साधारण ऐंशी लिटर. डिझेलचे टँकर मागे रस्त्यावरच्या एका खचलेल्या मोरीपाशी अडकलेले, संध्याकाळी सातच्या आत येणं शक्य नाही.

"आणि पलीकडे चौदा किलोमीटर," आत्या म्हणाली. "शेतातून, लढत, मागेपुढे करत. ऐंशी लिटरमध्ये तेरा होतील. म्हणजे चौफुली दिसेल आणि गाडी बंद पडेल."

मास्तरांनी तो हिशेब तीनदा तपासला. चूक सापडली नाही. आमचे सहाच्या सहा खेळ त्या एका कागदाने रद्दीत काढले होते. मास्तरांनी वहीतलं ते पान उघडलं आणि सहाही निकालांवर स्वतःच्या हाताने तिरपी रेघ मारली. मग नव्या पानावर डिझेलचा नियम लिहिला आणि म्हणाले, "चला. आता खेळू."

दुपारी खेळ सुरू झाला. आत्या सावकाश खेळली. वाटेत दोन रणगाडे बिघडले, एक माझ्या गोळ्याने गेला, आणि खेळातल्या घड्याळात दोन वाजता आठ रणगाडे पुलाशी उभे राहिले. माझ्याकडे पलीकडच्या झाडीत दोन तोफा होत्या, बस्स. नंतर उघड झालं त्याप्रमाणे शत्रूकडे तेवढंच होतं.

आत्याने विचारलं, "एका गाडीतलं डिझेल दुसरीत काढता येतं का?"

मास्तरांनी फाइल चाळली. "हातपंप होते. प्रत्येक गाडीत एक."

"मग अर्धा तास इंजिनं बंद. पाच गाड्यांतून साठ-साठ लिटर काढते. तिघींना शंभर-शंभर देते." तिने कागद वापरलासुद्धा नाही. "तीन गाड्या एकशेऐंशी लिटर घेऊन पलीकडे जातील. पाच इथेच काठावर, वीस-वीस लिटरवर. त्या पळू शकत नाहीत, पण तोफा तर चालतात. पलीकडचं दिसेल त्यावर मारतील."

मी माझ्या दोन तोफांकडे बघितलं. प्लास्टरच्या रणगाड्यांची भीती वाटण्याची ती पहिलीच वेळ.

"हे तुला सुचलं कसं?" मी विचारलं.

"सुचलं कुठे, केलेलं आहे. एका वर्षी रस्ता वाहून गेला आणि तीन दिवस डेपोत डिझेलच आलं नाही. बावन्न बस होत्या. सगळ्यांचं डिझेल काढून एकोणीस बसमध्ये भरलं, आणि दवाखान्याच्या नि शाळेच्या फेऱ्या चालू ठेवल्या. विना परवानगी केलं म्हणून मला मेमो आला. जपून ठेवलाय अजून."

तिचे तीन रणगाडे पूल ओलांडून आले. पहिल्याच वळणावर माझ्या तोफेने एक टिपला. लगेच काठावरच्या पाचांनी ती तोफ उडवली. दुसरी तोफ मी मागे घेतली, फासे खुळखुळवले, जीव तोडून लढलो. पण चारच्या डावाला तिचे दोन रणगाडे चौफुलीवर जाऊन बसले. मागे घेतलेल्या तोफेने मी तीनदा हल्ला केला. तिसऱ्या हल्ल्यात आणखी एक गेला. उरलेला एकटा तिथे ठाण मांडून राहिला, आणि सातला टँकर आले, पाचही गाड्या भरल्या आणि पुलावरून धडधडत आल्या. मी हरलो. खरं सांगतो, हरण्यात इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. घड्याळाचं यंत्र कुणी आपल्यासमोर उघडून दाखवावं, तसं वाटत होतं.

मास्तर मात्र खुर्चीत टेकून बसले होते. डोळे भरले होते.

"म्हणजे जमलं असतं," ते म्हणाले. "डिझेल धरूनसुद्धा जमलं असतं. रोजनिशीत त्याने एकच ओळ लिहिली आहे. 'पुलाशी थांबलो, टँकरची वाट.' मला ती नेहमी सबब वाटायची. आज सिद्ध झालं."

आत्याने रणगाडे डब्यात ठेवता ठेवता हात थांबवले. आता कुठे तिने विचारलं, "कुणी लिहिली आहे? कोण थांबला?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. मेजर, आठ महिने, भाऊ. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि उरलेले रणगाडे डब्यात ठेवले. घरी जेवून हात धुताना ती मला म्हणाली, "अरे, मी एका मेलेल्या माणसाला दोषी ठरवून आले."

"तू खेळ खेळलीस, आत्या."

"मला अख्खं टेबल दिसत होतं. खिडकीत उभं राहून मी रस्त्यावरच्या माणसाला सांगत होते, डावीकडे वळ. तो लोखंडी पेटीत बसलेला होता रे, पहाटे चारपासून."

तीन दिवस तिने तो विषय काढला नाही. गुरुवारी ती स्वतः मास्तरांच्या घरी गेली. मी बरोबर होतो. तिने सरळच विचारलं, "मास्तर, तुम्ही स्वतः कधी मेजरच्या खुर्चीत बसलात?"

"मी पंच असतो."

"येत्या रविवारी मी पंच होईन. तुम्ही बसा. पण टेबलासमोर नाही. शेजारच्या खोलीत, दार लावून. ह्याने चिठ्ठ्या आणायच्या, तुम्ही चिठ्ठीने हुकूम द्यायचा. आणि शत्रू कुठे आहे हे मीच ठरवणार. खऱ्यासारखा असेल, नसेलही."

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. पन्नास वर्षं ज्या गोष्टीवर माणूस उभा आहे, ती हलवून बघायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. शेवटी ते म्हणाले, "किती वाजता येऊ?"

वाचनालयात जुनी पुस्तकं शिवायची एक खोली आहे. खळीचा वास, एक स्टूल, एकच झरोका, तोही आत्याने पुठ्ठा लावून बंद केला. वर तिथे एक जुना रेडिओ ठेवला आणि दोन स्टेशनांच्या मधोमध लावून आवाज मोठा केला. नुसती खरखर. "इंजिन समजा," ती म्हणाली. मास्तरांना एक नकाशा, एक पेन्सिल आणि एक विजेरी दिली. पाणी मागितलं तर अर्धा पेला.

टेबलापाशी तिने मला शत्रूच्या जागा दाखवल्या आणि मी चकित झालो. तिने काहीही बदललं नव्हतं. त्याच झाडीत त्याच दोन तोफा.

"मग त्यांना तसं का सांगितलंस?"

"त्या मेजरला कुणी खात्री दिली होती?"

मग सुरू झालं. आत्या चिठ्ठ्या लिहायची, पण लगेच द्यायची नाही. मनगटावरच्या घड्याळात बघायची आणि दहा मिनिटांनी म्हणायची, आता जा. दोन चिठ्ठ्या तिने अर्ध्या फाडून दिल्या. एक दिलीच नाही. "तार तुटली," म्हणाली. मी दार उघडून आत जायचो, त्या खरखरीत मास्तर विजेरीच्या उजेडात नकाशावर वाकलेले असायचे, शर्ट पाठीला चिकटलेला. पहिल्या तासात ते मला "काय रे कवळ्या" म्हणायचे. नंतर नुसता हात पुढे करायचे.

दोन वाजताच्या डावाला ते पुलाशी पोचले. आठ गाड्या, ऐंशी लिटर. आत्याची युक्ती त्यांना माहीत होती, आठच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेली. मी मनात म्हणालो, आता पंप काढतील. त्यांची चिठ्ठी आली. 'पलीकडे काय दिसतं?'

आत्याने लिहिलं, 'दाट झाडी. हालचाल दिसत नाही.' ही चिठ्ठी मी दिली आणि परत आलो, तर तिने दुसरी तयार ठेवली होती. 'डावीकडे, आपल्याच काठावर, धूळ. कुणाची ते कळत नाही.'

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"गुरांची," आत्या म्हणाली. "पण हे त्यांना साडेतीनला कळेल."

त्यानंतर बराच वेळ आतून काही आलं नाही. आत्या घड्याळ बघत उभी होती, मी दारापाशी. पंप लावायचा तर अर्धा तास इंजिनं बंद, झाकणं उघडी, माणसं बाहेर. आणि डावीकडे धूळ. मी शत्रू होतो, मला सगळं दिसत होतं, तरी मी दाराला कान लावला. पंचवीस मिनिटांनी दार आतूनच उघडलं. मास्तरांनी चिठ्ठी माझ्या हातात न देता स्वतःच आणली आणि आत्यापुढे धरली. त्यांच्या त्या वळणदार अक्षरात दोनच वाक्यं होती. 'पुलाशी थांबलो. टँकरची वाट.'

आपण काय लिहिलं हे त्यांना लिहून झाल्यावर कळलं असावं. ते टेबलाशी आले. पलीकडच्या काठावर माझ्या दोन तोफा होत्या आणि मागे चौफुलीपर्यंत सगळं हिरवं कापड रिकामं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," आत्या म्हणाली.

"रस्ता मोकळा होता."

"हो."

"मला युक्ती ठाऊक होती, ताई. पंप, तीन गाड्या, सगळं. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. पण ती धूळ..." ते थांबले. "आठ गाड्यांत चाळीस माणसं होती. मला सारखं वाटत होतं, झाकणं उघडून ती बाहेर आली आणि ती धूळ त्यांची निघाली तर."

आत्याने खुर्ची पुढे केली. ते बसले. मी आत जाऊन रेडिओ बंद केला, तेव्हा कुठे कळलं की तो आवाज किती होता.

"त्याने चूक केली नाही असं मी म्हणत नाही," आत्या म्हणाली. "चौफुली मिळत होती, ती गेली. ते खरंच आहे. मी टेबलाशी उभी राहून केलं ते त्याच्या जागी मला जमलं असतं का, हे मला माहीत नाही. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं. नुसतं सांगून तुम्हाला पटलं नसतं."

"नसतं पटलं," मास्तर म्हणाले.

मी माझ्या आयुष्यात हुशार माणसं पाहिली आहेत. डॉक्टर पाहिले आहेत जे बोटाच्या स्पर्शाने दाताचं दुखरं मूळ ओळखतात. पण एका रविवारी लढाई जिंकून, पुढच्या रविवारी तो विजय आपणच सोडून देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि सत्तरीत, घामाने निथळत, स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी आमच्यासमोर वहीत चिकटवणारा माणूसही. मास्तरांनी ती चिठ्ठी खरोखरच चिकटवली, तारीख घातली, खाली सही केली.

चहा आला. मास्तरांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. आत्या त्यांच्यासमोर बसली आणि तिने सहज विचारलं, "तुमचा भाऊ कसा होता हो?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या भावाबद्दल आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुठे गेला, कोणत्या महिन्यात, पुलापासून किती किलोमीटरवर. तो कसा होता हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की इतर कुणीही विचारलं नव्हतं.

"आळशी," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. "सकाळी उठायचा नाही. आई त्याच्या अंगावर पाणी शिंपडायची, तर तो पांघरुणातून म्हणायचा, पाऊस आला, आज शाळा नाही. मला सायकल त्याने शिकवली. मागून धरलंय म्हणायचा आणि धरायचा नाही. गुडघे फुटले माझे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्याला शीळ घालता यायची नाही. खूप प्रयत्न करायचा. नुसती हवा निघायची."

आत्याने आपली खुर्ची थोडी जवळ ओढली. मी टेबलावरचे रणगाडे गोळा करायला उठलो होतो, तो पुन्हा खाली बसलो, कारण मास्तर सांगत होते.